टॉकीजचं छत गळलं तेव्हा

ज्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन वाटे करायचं ठरलं, त्या वर्षी तातेराव हैदराबाद शहरातल्या हिमायतनगरात एका नव्या टॉकीजमध्ये पाइप जोडायचं काम करत होता. कानडी मुलूख म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबईकडे आणि उरलेला तेलंगणा आंध्राच्या पदरात, असं वर सगळं ठरून गेलं होतं. अफझलगंजच्या हॉटेलांत कचेऱ्यांतले कारकून एक चहा दोघांत घेऊन, कोण औरंगाबादला जाणार आणि कोण इथंच राहणार याचा खल करत बसत. तातेरावाला कुणी काही विचारलं नव्हतं. फिटरची बदली कुठल्या सरकारात होत नसते.

तो मूळचा देगलूरकडचा. गाव सोडलं तेव्हा मिसरूड फुटत होतं. हैदराबादेत आल्यावर पहिली काही वर्षं त्यानं नळाच्या पाइपांसाठी रस्त्याकडेला चर खोदले. चर खोदता खोदता नरसय्या नावाच्या तेलुगू फिटरच्या हाताखाली लागला. नरसय्या बोलायचा तेलुगूत, शिव्या द्यायचा उर्दूत, आणि काम पसंत पडलं की दोन्ही भाषा सोडून नुसती मान हलवायचा. पाइपाला आटे पाडायचे, आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा चोपडायचा, पाना किती आवळायचा आणि कुठं हात आवरायचा, हे सगळं तातेराव त्या मानेकडे बघत शिकला. गावात ज्याला विहिरीच्या कठड्याजवळ उभं राहू देत नव्हते, त्यानं जोडलेल्या नळांचं पाणी आता निम्मं काचीगुडा पीत होतं. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. त्याची बायको कोंडाबाई मात्र बोलायची, आणि चारचौघींत मुद्दाम बोलायची.

टॉकीजच्या शेठजींनी मद्रासला थंड हवेचं थिएटर पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांनी तोच ध्यास घेतला होता. इमारतीच्या मागच्या खोलीत पाणी गार करणारं मोठं यंत्र बसवलं होतं. ते गार पाणी पंपानं वर चढायचं, हॉलच्या छतावरच्या पोकळीत पाइपांतून फिरायचं, आणि त्या पाइपांवरून पंख्यांनी ढकललेली हवा जाळ्यांतून खाली उतरायची. पाइपांना घाम फुटू नये म्हणून त्यांच्यावर बुचाच्या जाड साली बांधून डांबर फासायचं होतं. त्या पोकळीत माणसाला उभं राहता येत नसे. तातेराव दिवसदिवस तिथं पोटावर सरकत काम करायचा आणि संध्याकाळी खाली उतरला की ओळखू येत नसे.

खाली हॉलमध्ये बसणाऱ्याला जे छत दिसणार होतं, ते खाजामियाँचं. खाजामियाँ म्हणजे चुन्याच्या नक्षीचे जुने कारागीर. कुठल्या कुठल्या नवाबांच्या दिवाणखान्यांत त्यांनी वेली चढवल्या होत्या. आता नवाबही उरले नव्हते आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गुडघे शिडी चढू देत नव्हते. खाली स्टुलावर बसून ते सांगायचे आणि त्यांचा जावई जिलानी बांबू बांधून केलेल्या पहाडावर उताणा पडून करायचा. पण मधलं फूल आणि त्याच्याभोवतीची द्राक्षांची वेल त्यांनी स्वतः केली होती. चार माणसांनी त्यांना अलगद वर चढवलं, आणि पुढचे कितीतरी दिवस म्हातारा वरच नमाज पढायचा, वरच जेवायचा.

या सगळ्या कामावर देखरेख भगवंतरावांची. परभणीकडच्या शेतकरी घरातला माणूस, निजामाच्या काळात बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता, आता निवृत्त होऊन शेठजींकडे लागलेला. मनानं वाईट नव्हता, पण घाईवर आला की तोंडाला लगाम नसे. सरकारी नोकरीतल्या त्यांच्या मुलानं बदलीसाठी औरंगाबाद मागून घेतलं होतं. घरची भांडीकुंडी पोत्यांत भरली जात होती. टॉकीज एकदा उघडलं की भगवंतराव हैदराबाद सोडणार होते. त्यातून शेठजींनी हट्ट धरला होता की नवं राज्य होईल त्याच दिवशी, एक नोव्हेंबरला, पडदा उघडायचा.

अशात तातेरावानं दसऱ्याची सुटी मागितली.

"तात्या, अरे तुला आत्ताच सुचतंय का नागपूर?" भगवंतराव म्हणाले.

"आमची समदी वस्ती जायलीय साहेब. म्या एकटा मागं राहिलो तर जन्मभर मन खाईल."

तिथं काय होणार होतं ते भगवंतरावांनाही ठाऊक होतं. "हॉलवरची लाइन पुरी कर, मग जा," एवढंच बोलून ते वळले.

तातेरावानं शेवटचा पाइप बसवला आणि धावत गाडी गाठली. काझीपेठेला गाडी बदलून ते सगळे नागपूरला गेले. कोंडाबाईनं पांढरं लुगडं नेसलं होतं. त्या मैदानात माणूस माणसाला लागून उभा होता. तातेरावाला व्यासपीठ दिसलंच नाही, फक्त कर्ण्यातून येणारा बाबासाहेबांचा आवाज ऐकू आला. त्या आवाजामागून त्यानं एकेक प्रतिज्ञा म्हटली. जुने देव मानणार नाही. चोरी करणार नाही. खोटं बोलणार नाही. शेजारी कोंडाबाई इतक्या मोठ्यानं म्हणत होती की तिचा घसा बसला. परत येताना डब्यात कुणी झोपलं नाही.

कामावर परत आला तेव्हा पाइपांवर बुचाच्या साली चढल्या होत्या, डांबर वाळलं होतं. थोड्याच दिवसांत पाणी सोडून बघायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळीच हॉलमध्ये सगळे जमले. शेठजी आले, त्यांचे दोन स्नेही आले. चुना कालवणाऱ्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्यात तातेरावाच्या वस्तीतली सरुबाई होती. तिला आणि आणखी पाचसहा जणांना तातेरावाच्याच शब्दावर इथं काम मिळालं होतं. खाजामियाँना मधोमध खुर्ची मांडून बसवलं होतं. पंप सुरू झाला, वर पाइपांत घरघर झाली आणि थोड्या वेळानं जाळ्यांतून खरोखरीच गार वारा उतरला. बायका पदर पसरून हसायला लागल्या. भगवंतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"कैसा जी, मालूम होता?" शेठजींनी म्हाताऱ्याला विचारलं.

"हौ जी, जन्नत है," खाजामियाँ म्हणाले, आणि त्यांनी गालावर हात फिरवला. गालावर पाण्याचा थेंब पडला होता.

दुसरा थेंब हातावर पडला. मग मधल्या फुलाभोवती चुन्याचा रंग काळवंडत गेला. डाग परातीएवढा झाला. छत मधोमध पोट सुटल्यासारखं खाली आलं. सरुबाई ओरडली, "बाबा, उठा!" आणि कुणी काही करायच्या आत तिनं खुर्चीसकट म्हाताऱ्याला मागं ओढलं. तेवढ्यात फूल सुटलं. त्याच्यामागून द्राक्षांची वेल, पानं, घड, सगळं लगदा होऊन धबाधबा खाली आलं, आणि वरून मोट ओतावी तसं पाणी.

पंप बंद करेपर्यंत निम्मं छत जमिनीवर होतं. कुणाला लागलं नव्हतं. शेठजी स्नेह्यांना घेऊन बाहेर पडले.

भगवंतरावांनी वर बघितलं. उघड्या पडलेल्या पोकळीत, गळणाऱ्या पाइपाच्या अगदी अंगाशी, नक्षी टांगायला ठोकलेला लोखंडी हूक दिसत होता. त्यांनी जिलानीकडे बोट केलं. "पायपात खिळा ठोकलास तू! डोळे फुटले होते का?"

"मैं नै मारा साब. देख देख के ठोका मैं."

"मग काय पाइप आपोआप फुटला?"

जिलानी आणखी काही बोलणार तोच खाजामियाँ खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी जावयाच्या थोबाडीत मारली. जिलानी चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. तो खांद्यावरचं फडकं जमिनीवर टाकून निघून गेला.

"तात्या, वर जा, बघ कुठं लागलंय," भगवंतराव म्हणाले.

तातेराव बॅटरी घेऊन वर सरकला. हुकाशेजारचा पाइप त्यानं बोटांनी चाचपला. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. पाणी त्याच्या पलीकडून, जोडावरून येत होतं. त्यानं भिजलेली बुचाची साल सुरीनं कापून काढली, जोडाच्या नटाला हात लावला आणि नट नुसत्या बोटांनी फिरला. दुसराही फिरला. सगळेच.

तिथं पोटावर पडल्या पडल्या त्याला तो दिवस आठवला. नागपूरला निघायची दुपार. हा शेवटचा जोड. पॅकिंग घातलं होतं, नट बोटांनी बसवले होते, आणि पाना खाली राहिला होता. खालून सरुबाई हाका मारत होती, गाडी चुकल म्हणून. मनात म्हणाला होता, आल्यावर आवळू. आणि परत आला तो जोड सालीखाली झाकून गेलेला, आणि त्याच्या डोक्यात हॉलवरची लाइन पुरी झालेली. मध्ये एवढं मोठं काही घडून गेलं होतं की तो जोड मनातून पार धुऊन गेला.

त्यानं पाना घेतला आणि एकेक नट आवळला.

"सापडलं का?" खालून भगवंतरावांचा आवाज आला.

"सापडलं."

"खिळाच ना?"

तातेराव बोलला नाही. भगवंतरावांनी ते होय असंच धरलं आणि ते शेठजींकडे गेले. तातेराव खाली उतरला तेव्हा खाजामियाँ ओल्या ढिगाऱ्यात वाकून धड राहिलेले द्राक्षांचे घड वेचत होते. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं म्हणून हातांनी चाचपत होते. तातेराव त्यांच्या बाजूनं निघून गेला.

मुशी नदीच्या काठाला, अफझलगंजच्या अलीकडे, मराठवाड्यातून आलेल्या लोकांची वस्ती होती. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं पाय धुतले नाहीत, पोरांशी बोलला नाही. भाकरी टाकता टाकता कोंडाबाईनं दोनदा मागं वळून पाहिलं.

"छत पडलं म्हनं. सरू सांगत होती. म्हाताऱ्याच्या जावयानं पायपाला भोक पाडलं."

"त्यानं न्हाई पाडलं. जोड माझा ढिला राहिला होता."

कोंडाबाईचा हात तव्यावर थांबला. भाकरीचा वास करपट यायला लागला तशी तिनं ती उलटली.

"कुनाला म्हाईत हाय?"

"कुनालाच न्हाई."

"मंग ऱ्हाऊ द्या." ती हळू पण ठाम आवाजात बोलायला लागली. "तुमी म्हनाल चुकी माझी. ते काय म्हनतील? नागपूरला गेले, देव सोडले, आन् काम बिघडवून ठिवलं. तुमच्या एकट्याचं नाव घ्यायचे न्हाईत ते. सरूला काढतील. तिच्या भावाला काढतील. आख्ख्या वस्तीचं नाव घेतील. एकाची चुकी आपल्यात कधी एकाची असतीया का?"

हेच तातेराव वाटभर स्वतःशी बोलत आला होता. तिच्या तोंडून ऐकल्यावर ते जास्तच खरं वाटलं. तो भिंतीला टेकून बसून राहिला. कोंडाबाईनं ताट वाढलं. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"म्हाताऱ्यानं जावयाला मारलं," तो म्हणाला. "समद्यांम्होरं."

कोंडाबाईनं चुलीपुढं बसल्या बसल्या डोळ्यांना पदर लावला. धुरानं की कशानं, तातेरावाला कळलं नाही. "मंग सांगा जाऊन," ती शेवटी म्हणाली. "घशाचं रगत काढून म्हनलं ते काय दुसऱ्यासाठी म्हनलं?"

सकाळी तो कामावर पोचला तेव्हा भगवंतराव आणि खाजामियाँ हॉलच्या दारातच होते. म्हाताऱ्यानं आपली हत्यारं फडक्यात बांधून घेतली होती. शेठजींनी त्यांना यायला नको म्हणून सांगितलं होतं.

तातेरावानं पायताण काढलं नाही की हात जोडले नाहीत. सरळ उभा राहून बोलला. "साहेब, खिळा लागला न्हाई. जोड ढिला होता. जोड माझा. गाडीच्या घाईत आवळायचा राहिला आन् मंग ध्यानातनंच गेला. काल वर गेलो तवा कळलं."

भगवंतरावांचा चेहरा लाल झाला. "काल कळलं? आणि काल बोलला नाहीस? अरे, माझी पोरं तिकडं घरी सामान बांधून बसलीत आणि मी इथं या ओल्या चुन्यात अडकलो! जा अजून नागपूरला! देव सोडलात, आता कामं पण सोडा तुम्ही सगळे!"

"सगळे न्हाई साहेब." तातेरावाचा आवाज चढला नव्हता, पण भगवंतराव थांबले. "हात माझे होते. मला काढा. सरुबाईनं काल ह्यांचा जीव वाचवलाय. नागपूरला तीबी आली होती."

भगवंतराव दाराच्या पायरीवर बसले. बराच वेळ कपाळ चोळत राहिले.

तातेरावाला वाटलं होतं, म्हातारा तरी खूश होईल, डोक्यावरचा आळ गेला म्हणून. खाजामियाँ त्याच्याजवळ आले, तोंडाजवळ तोंड आणून त्याला न्याहाळलं, आणि त्यांचा आवाज फाटला.

"कल कायकू नै बोला रे? कल बोलता तो क्या होता? मेरा जिलानी रातकूच गुलबर्गा चला गया. बेटी रोरोके मर री. मैं उसकू मारा, सबके सामने! छत गिरा तो गिरा. छत बनाता मैं. दामाद किधर से लाऊं?"

एका दिवसाचं गप्प राहणं. एवढं मोठं छत पडलं होतं, पण म्हाताऱ्याच्या घरात जे पडलं होतं ते जोडामुळं नव्हे, त्या गप्प राहण्यामुळं. तो खाली मान घालून उभा राहिला. खाजामियाँ तिथंच पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. एक पायरी, दोन म्हातारे, आणि दोघांनाही त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

शेवटी तोच बोलला. "उस्ताद, जिलानीभाई येईपर्यंत मला हाताखाली घ्या. मेरेकू ये काम आता नै, मगर तुम बोलेंगे वैसा करूंगा."

"चुना मळता येतो?" म्हाताऱ्यानं मोडक्या मराठीत विचारलं. ते मराठी बोलतात हे तातेरावाला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

"शिकीन."

असं तातेरावाचं फिटरचं काम सुटलं आणि तो चुन्यात उतरला. भगवंतरावांनी शेठजींना खरं काय ते सांगून खाजामियाँचं काम कायम करून घेतलं आणि पाइपांसाठी नरसय्याला बोलावलं. नरसय्यानं हॉलवरचे सगळे जोड पुन्हा तपासले, खाली उतरला, तातेरावाच्या पाठीवर एक गुद्दा घातला आणि उर्दूत एक लांबलचक शिवी दिली. सरुबाईला किंवा वस्तीतल्या दुसऱ्या कुणाला भगवंतरावांनी काढलं नाही. त्याबद्दल ते बोललेही नाहीत.

एक नोव्हेंबर आला. रस्त्यांवर तोरणं लागली, कोठीच्या बाजूनं मिरवणूक गेल्याचे ताशे ऐकू आले. ज्या हॉलमध्ये त्या दिवशी पहिला खेळ व्हायचा होता, तिथं तातेराव भिजवलेला चुना पायांनी तुडवत होता. दिवाळीला भगवंतरावांच्या घरची माणसं औरंगाबादला निघून गेली. रिकाम्या घरात ते एकटे राहिले आणि दुपारचा डबा हॉटेलातून मागवू लागले.

त्याच महिन्यात तातेरावाचा थोरला भाऊ निवृत्ती गावाकडून आला. "आता आपला तालुका मुंबईकडं गेला," तो म्हणाला. "समदं मराठीत होनार. हितं राहून तेलुगू शिकतोस का ह्या वयात? चल, नांदेडात बी नळं पडायलेत."

"निम्मं छत तसंच टाकून कसा येऊ दादा?"

"छत काय तुझ्या बापाचं हाय?"

तातेराव हसला. निवृत्ती दोन दिवस राहिला, एकदा टॉकीजमध्ये येऊन बघून गेला. म्हातारा खाली बसून सांगतोय आणि आपला भाऊ वर उताणा पडून द्राक्षाचं पान कोरतोय. त्यानंतर त्यानं नांदेडचा विषय काढला नाही.

पानं तातेरावाला जमायला वेळ लागला. पहिली जी केली, ती खाजामियाँनी बोटांनी चाचपून पाहिली आणि विचारलं, "ये अंगूर का पत्ता है की एरंडी का?" आणि खरवडून टाकायला लावली. रागाची धार हळूहळू बोथट होत गेली. दुपारी म्हातारा आपल्या सुरईतलं पाणी आपल्याच कटोऱ्यात ओतून त्याला द्यायचा, त्यात त्याला काही विशेष वाटत नसे. तातेरावाला मात्र पहिले काही दिवस ते पाणी घशाखाली उतरायला जड जायचं.

आणि एका सकाळी जिलानी आला. बायकोनंच निरोप धाडून खरं काय ते कळवलं होतं. तो दारात उभा राहिला. खाजामियाँना तो दिसला नाही, पण पावलं ओळखू आली. कुणी कुणाची माफी मागितली नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, "खाना खाया?" जिलानी म्हणाला, "हौ." मग वर बघून तो तातेरावाला म्हणाला, "हट, वो डंडी टेढी जारी." तातेराव सरकला. त्यानंतर ते दोघं शेजारी शेजारी पडून काम करायला लागले. जिलानीनं त्याला मनातून माफ केलं की नाही ते त्यालाच ठाऊक. पुढच्या ईदेला शीरखुर्मा मात्र आला.

डिसेंबरात एके दिवशी सरुबाई पळत हॉलमध्ये आली आणि मधोमध येऊन मटकन खाली बसली. बाबासाहेब गेले, एवढंच कसंबसं निघालं. तातेराव पहाडावरून कसा उतरला हे त्याला पुढं कधी आठवलं नाही. वस्तीत त्या दिवशी चूल पेटली नाही. नागपूरला जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. माणसं एकमेकांच्या दारात जाऊन नुसती बसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जिलानीच्या खांद्यावर हात ठेवून खाजामियाँ मुशीकाठच्या त्या वस्तीत आले. तातेरावाच्या घरी आत येऊन भुईवर बसले. त्यांनी काही समजावलं नाही. कोंडाबाई हुंदके देत होती तेव्हा म्हातारा एकदाच म्हणाला, "रो ले बेटा." उठताना जिलानीनं पोरांसाठी आणलेल्या रोट्यांचं फडकं चुलीपाशी ठेवलं. पुढं कोंडाबाई हैदराबादेतल्या कुठल्याही माणसाची गोष्ट सांगायला बसली की तिथून सुरुवात करायची.

संक्रांतीच्या सुमाराला छत पुरं झालं. पाणी पुन्हा सोडलं, तेव्हा हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सगळे मान वर करून उभे होते. नरसय्या वर पोकळीत होता. बऱ्याच वेळानं त्याचं डोकं बाहेर आलं आणि त्यानं नुसती मान हलवली. भगवंतरावांनी टोपी डोक्यावर घातली. दोन दिवसांनी ते औरंगाबादला गेले. जाताना स्टेशनवर तातेराव त्यांचं सामान चढवायला गेला होता. गाडी हलल्यावर ते खिडकीतून म्हणाले, "तातेराव, त्या दिवशी दारात मी जे बोललो ते..." पुढचं शिट्टीत बुडालं. तातेरावानं हात हलवला.

टॉकीज उघडलं ते ऐन थंडीत. तरी शेठजींनी हौसेनं थंड हवेचं यंत्र चालू ठेवायला लावलं. कोंडाबाईला घेऊन तातेराव दुपारच्या खेळाला गेला. लोक शाली गुंडाळून, तोंडं बांधून बसले होते, आणि पडद्यावर नायिका बागेत गात होती. कोंडाबाईनं वर बघितलं.

"तुमची कंची?"

तातेराव वर बघत राहिला. म्हाताऱ्याची वेल कुठं संपली होती, जिलानीची कुठं लागली होती, आपली कुठली, त्याला खरंच सांगता येईना. "त्या बाजूची असंल," तो म्हणाला.

"आसू द्या. चला आता, दात वाजायलेत माझे."

मध्यंतरालाच दोघं बाहेर आले आणि उन्हात चहा प्यायले.

तातेराव हैदराबादेतच राहिला. नरसय्यानं त्याला पाइपांच्या कामावर परत घेतलं, आणि जिलानीला मोठं काम मिळालं की तो चुन्यासाठी बोलावणं धाडायचा. त्याची पोरं तेलुगू शिकली, उर्दू शिकली, मराठी घरात बोलली पण लिहायला अडखळली. खाजामियाँ आणखी दोन वर्षं जगले. शेवटी शेवटी त्यांना अजिबात दिसत नव्हतं. तातेराव शुक्रवारी भेटायला गेला की ते त्याचा पंजा हातात घेऊन बोटं चाचपायचे, आणि चुन्यानं चिरा पडल्यात की पान्यानं घट्टे पडलेत यावरून तो सध्या कुठल्या कामावर आहे ते ओळखायचे.